थोडा मागे राहिलाय

थीब्स, मेखिर महिना, दिवस चौथा

चि. पामिन यास आमोनदेवाच्या दारातून बाबांचा आशीर्वाद.

तू पाठवलेली लोकरीची शाल मिळाली. मऊ आहे, उबदार आहे, आणि तुझा म्हातारा बाप ती पांघरून थेट देवळात निघाला. द्वारपाल तोतोएस म्हणाला, हरसिएसेकाका, दर्शनाला आलात की मेंढरू सोडायला? सगळ्यांसमोर उतरवून ठेवावी लागली. लोकर देवाला चालत नाही, मेलेल्यांना चालत नाही, हे तुला आईने दुधाबरोबर पाजलं होतं. अलेक्झांड्रियाच्या समुद्रात ते धुऊन निघालं वाटतं.

असो. पाओनी महिन्यात दरीचा सण आहे. देव होडीतून पश्चिम तीरावर जातील आणि डोंगरावरच्या थडग्यात तुझ्या आईला पाणी द्यायचं. ती गेल्यापासून तू एकदाही आलेला नाहीस, आणि माझे गुडघे आता डोंगर मानत नाहीत. शाळेत आम्ही घोकायचो, ‘पूर ओसरतो, चिखल आठवण ठेवतो.’ तेव्हा नुसती चाल गोड वाटायची. यंदा ये. पांढरं लिनन नेसून ये.

तुझी वाट बघणारा,
बाबा

अलेक्झांड्रिया, फामेनोथ, दिवस बारावा

ती. बाबांच्या पायांशी पामिनचा नमस्कार. गुडघ्यांना तेल लावता ना?

शालीचं वाचून जीभ चावली. इथे कोठारात सगळेच लोकर वापरतात. तुम्हाला ऊब मिळावी एवढंच डोक्यात होतं.

रजा मागितली. साहेबांनी विचारलं, आई कधी वारली? म्हटलं, तीन वर्षं झाली. मग आता कसली घाई, म्हणाले. त्यांच्या ग्रीकमध्ये समजवायला गेलो तर तोंडातून निघालं की दगडावर पाणी ओतायला जायचंय. सगळी कचेरी हसली. बाबा, मीही हसलो. त्याचाच संताप येतोय. इथे मला अपोलोनिओस म्हणतात, आणि अपोलोनिओसचं त्या डोंगरावर कुणीच नाही.

धान्याच्या बोटी येणार म्हणून रजा नाहीच. तिकडे पाणी देणारे पुजारी आहेत, त्यांतल्या कुणाला तरी सांगा. त्याच्या पैशांचं मी बघतो.

रागापेक्षा माया थोडी जास्त असू द्या.
पामिन

थीब्स, फार्मुथी, दिवस विसावा

चि. पामिन, की अपोलोनिओस? ज्याच्या हाती पत्र पडेल त्याला आशीर्वाद.

पाणी देणारा मिळतो रे. पाणी तो नीट देईल. पण हाक काय मारेल? पामिनची आई, असं म्हणेल. नुसतं ‘आई’ म्हणायला त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तू माझ्या खांद्यावर बसून पलीकडे यायचास. आजोबांच्या थडग्याशी बदकाचा तुकडा ठेवून विचारायचास, आजोबा, पुरलं का? तुझी आई फुलांच्या माळेआड तोंड लपवून हसायची. आता घाटावर ग्रीक पलटण बसते. कुठे चाललास, कशाला चाललास, त्यांच्या भाषेत विचारतात. उत्तर कळत नाही म्हणून पुन्हा विचारतात. बायकोला भेटायला चाललोय, हे किती वेळा सांगू?

तुझ्या साहेबांचे आईबाप समुद्रापार पुरलेले असतील. म्हणून त्यांना घाई नाही. मी एकटा जाईन.

माया आहे, रागही आहे. दोन्ही मोजून घे.
बाबा

थीब्स, पाओनी, दिवस पंधरावा

चि. पामिन यास आशीर्वाद. यंदा थट्टेला जीव नाही.

सण झाला. गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं. लोक माळा, कांदे, बिअरचे घडे घेऊन वर चालले होते. तोतोएस म्हणाला, काका, पाठीवर बसा. मी नको म्हटलं. त्याचीही आई वरच आहे. मग खालीच पाणी ओतलं. वाळूने ते एका दमात पिऊन टाकलं. वर तोंड करून तुझ्या आईला सांगितलं, तायसे, पोरगा थोडा मागे राहिलाय, येतोच आहे.

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. जिवंत असताना लगेच पकडायची. आता पकडायला नाही तर बोलून गेलो. उद्या मेल्यावर पलीकडे माझं काळीज तराजूत ठेवतील. मी खोटं बोललो नाही, असं देवांपुढे म्हणायची वेळ येईल, तिथे हे वाक्य अडणार. ते खोटं होतं की नुसता उशीर, हे आता तुझ्या हातात आहे. सण गेला म्हणून राहू नकोस. तिला तारीख कुठे ठाऊक.

याच बोटीने शाल परत पाठवतोय. नदीवर उत्तरेचा वारा पाठीला बोचतो. पांघरून ये, आणि घाटावर उतरलास की माझ्याकडे दे.

बाबा