रुमैसासमोरची खुर्ची

मेदिया, गुरुवार दुपार

धाकट्या बहिणीला, उनिसाबाईंना, झुलिखाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? (दुखतच असणार. तरी विचारायची रीत आहे, विचारलं.) जावयाचा खोकला गेला, की जावई? आमच्याकडे अल्लाहच्या कृपेनं सगळे दोन वेळा जेवतात आणि तीन वेळा भांडतात.

तर माझी नात निहाद. ती मोठ्या पोरींच्या शाळेत इंग्रजी बोलायला शिकवते, हे तुला ठाऊक आहे. तपासणीचे साहेब तिचा तास बघायला येणार होते. त्यांनी बरं लिहिलं तर नोकरी पक्की, नाहीतर तिचा बाप तिला त्या टायरवाल्याच्या गळ्यात बांधायला टपलेलाच आहे. आता ही नवी शिकवण म्हणजे पोरींना समोरासमोर बसवून जोडीजोडीनं बडबडायला लावायचं. (आपण बडबडलो की छडी बसायची.) वर्गात पोरी एकतीस, म्हणून मागच्या बाकावरची रुमैसा एकटी उरते. निहाद म्हणते, ती रिकाम्या खुर्चीशी बोलते. प्रश्न विचारते, थांबते, मान डोलावते, मग पुढचा. आणि उच्चार असे सुधारलेत की खुद्द निहादला तसे जमत नाहीत. "कुणाशी बोलतेस गं?" म्हणून विचारलं, तर पोरगी म्हणते, "बाई, तिला मध्येच तोडलेलं आवडत नाही."

निहादचं तोंड उतरलं. साहेबांना काय सांगायचं? मी म्हटलं, "त्यात काय, मी बसते त्या खुर्चीवर." धडा डॉक्टर आणि रोग्याचा होता. निहाद म्हणाली, "आजी, तू नुसतं कण्हायचं. एक अक्षर बोलायचं नाही." कण्हण्याचा मला चाळीस वर्षांचा सराव आहे.

बसले. उनिसा, पोरी घामानं निथळत होत्या आणि ती खुर्ची विहिरीच्या दगडासारखी गार. शिवाय टोचत होती. लाकूड टोचतं तशी नाही, हडकुळ्या पोरीच्या मांडीवर बसल्यावर टोचेल तशी. मी जरा सरकले, तर तेही सरकलं. मग टोचणं एकदम थांबलं, जणू कुणी खालून निघून उभं राहिलं. रुमैसानं काहीतरी विचारलं, मी कण्हले. आणि माझ्या मानेमागून कोवळ्या आवाजात झरझर इंग्रजी उत्तर आलं. रुमैसा खुदकन हसली. फळ्यावर निहादचा हात खडूसकट थांबला. साहेब मात्र खुशीत लिहीत होते. मी वळून पाहिलं नाही. (तू पाहिलं असतंस, तुला भोचकपणा फार.) कण्हत राहिले, आता खरोखरीचं.

काल शेरा आला. तास उत्तम, आजीला वर्गात आणण्याची कल्पना फार आवडली. खोट एकच: मागच्या बाकावर जोडीऐवजी तिघी होत्या, पैकी एक मुलगी पूर्ण वेळ उभी. तिला खुर्ची द्यावी. ही सुधारणा, आणि आजीबाई, मंगळवारी परत बघीन, मग सही करीन.

काळजी घे.
तुझी थोरली, झुलिखा

ता. क. खुर्ची मांडली. आता तिघी झालो, म्हणजे परत एक उरते. तू सोमवारच्या बसनं ये. इंग्रजी लागत नाही. रुमैसा गुणी पोर आहे, तिच्यासमोर बसवते तुला.

आणखी ता. क. रुमैसा हटून बसली आहे, तिला मीच हवी. तुला दुसरीसमोर बसावं लागेल. तिला विचारलंय. चालेल म्हणाली.