टोपीतली सोनूबाई

घाटकोपर (पूर्व)
११ फेब्रुवारी २०२५

ती. कुंडलिककाका यांस,

नमस्कार. इथे सगळे मजेत. मुलुंडला तुमचे गुडघे काय म्हणतात? प्रेमाकाकूला सांगा, कुळथाचं पीठ पोचलं, पिठी झकास झाली. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा येतात, म्हणून पत्र लिहायला बसले.

रविवारी अंधेरीत आपल्या सोनूबाईचा सिनेमा दाखवणार आहेत. 'आपल्या' म्हणू नकोस, असं तुम्ही म्हणाल. म्हणणार! तुमची आजी, माझी पणजी. मरोळच्या गाळ्यात सापडलेला तो मूकपट मी तुम्हाला मोबाइलवर दाखवला, तेव्हा साहेबी टोपी आणि खोट्या मिशा लावलेला डिटेक्टिव्ह खुनाचा विचार करता करता डाव्या हाताच्या बोटाने मशेरी लावायला लागला. विलायती गोष्टीतला डिटेक्टिव्ह आणि मशेरी! मी हसत होते, आणि तुमच्या तोंडून निघालं, "आजी!" मग चहा तसाच टाकून उठलात. "जुन्या जाहिरातीत पुरुषाचं नाव आहे ना? मग पुरुषच तो. घराची शोभा करायची नाय, सांगून ठेवतो."

तुमचं ऐकून मी आयोजकांच्या फॉर्मवर कलाकार म्हणून जाहिरातीतलं ते पुरुषाचंच नाव लिहून सही केली. हो, मीच केली. तेव्हापासून मला माझीच चीड येते.

काकूने मला होळीचं सांगितलं. तिच्यावर डाफरू नका, तुम्हीच तिला कधीतरी बोललेलात. सिनेमाचं शेवटचं रीळ आजीने पेटीत जपून ठेवलं होतं. तुम्ही दहा वर्षांचे. तुमच्या वडिलांनी ते तुमच्या हातात दिलं आणि चाळीच्या होळीत टाकायला लावलं. केवढा भडका उडाला, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि आजी गॅलरीतून बघत होती. त्यानंतर तिने सिनेमाचं नाव काढलं नाही.

काका, दहा वर्षांच्या पोराला कोण दोष देईल? मी तर नाहीच देणार. पण आज सत्तरीत, कुणी सांगितलेलं नसताना, तुम्ही तिचं नाव पुसायला निघालात. त्याचा मला राग येतो. भयंकर येतो.

म्हणून आज अंधेरीला जाऊन तो फॉर्म त्यांच्यासमोर फाडला आणि दुसरा भरून दिला. पडद्यावर आधी 'सोनूबाई' येईल, मग सिनेमा सुरू होईल. तुम्ही आयुष्यभर बोलला नाहीत तरी चालेल.

शेवटचं रीळ नाही, त्यामुळे खुनी कोण ते कुणालाच कळत नाही. आजी तुम्हाला लहानपणी घास भरवताना ती गोष्ट सांगायची, असं काकू म्हणाली. म्हणजे आता ते एकट्या तुम्हालाच ठाऊक. सिनेमा मध्येच तुटला की दिवे लागतील आणि मी लोकांसमोर उभी राहीन. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवते. या आणि खुनी कोण ते सांगा.

नाही आलात तर खुनी सापडणार नाही. पण डिटेक्टिव्ह कोण होती, ते मी सांगणारच.

सोनूबाईची पणती,
उत्तरा