ओली वात

२८ नोव्हेंबर १९५८
पोचले एकदाची! बोटीवर दोन दिवस ओकून आतडी रिकामी झाली, पण धक्क्यावर पाय टेकताच कडकडून भूक लागली, म्हणजे मी ठणठणीत आहे. आई निघेपर्यंत कुरकुरत होती की फीना, ग्वाम सोडून त्या टीचभर बेटावर जाऊन तू करणार काय. करणार काय म्हणजे? चर्चची सगळी व्यवस्था माझ्या हातात! वेदीची वस्त्रं, फुलं, मेणबत्त्या, घंटा. बत्तीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईला याहून मानाचं काम कोण देणार आहे? पहिला महिना पारखून घेणार आहेत, पण माझ्या हातात कुणी खोट काढून दाखवावीच.

राहायला खोली मिळाली तान रोमानांकडे; मोठ्या बायकांना आमच्यासारखंच इथेही मानानं तान म्हणतात. एकसष्ट वर्षांच्या विधवा, दंड एखाद्या गड्यासारखे, समोरचे दोन दात सोन्याचे. मी त्यांच्या हाताला नाक लावून मान दिला, तर त्यांनी माझाच हात उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, अगं, हाडंच आहेत नुसती, तुला गळाला लावलं तर मासासुद्धा रागावून निघून जाईल. मग लाल भात आणि नारळाच्या दुधातला खेकडा पुढ्यात ठेवला आणि मी तिसऱ्यांदा घेईपर्यंत उठू दिलं नाही. मला त्या फार आवडल्या.

३ डिसेंबर
तीन बेटांना मिळून एकच फादर, बोटीबरोबर येतात नि बोटीबरोबर जातात. त्यामुळे जन्म, मरण, आजारपण, सगळ्यांच्या प्रार्थना म्हणवतात त्या तान एन्ग्रासिया. चणीनं लहान, आवाज मधाळ, बोलताना समोरच्याचा गाल कुरवाळायची सवय. आज वेदीचं कापड मी कशी इस्त्री करते ते बघत बसल्या होत्या. सांगत होत्या की मागच्या वर्षी मिरवणुकीत देवमातेची मूर्ती एका घरासमोर इतकी जड झाली की खांदेकरी वाकले. त्या घरातला माणूस पंधरवड्यात गेला. आई ज्याला बोलावते त्याला आधी सांगते, म्हणाल्या. मी मान डोलावली. ग्वामलाही म्हाताऱ्या असंच बोलतात, पण आम्ही ऐकून पुन्हा भाजी चिरायला लागतो.

घरी येऊन तान रोमानांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. मासे साफ करत राहिल्या.

७ डिसेंबर
उद्या देवमातेचा सण. काय उकाडा! मेणबत्त्या पेटीतच वाकायला लागल्या होत्या, सगळ्या बायका वाकड्या मेणबत्त्या घेऊन मिरवणार आणि नाव माझं जाणार. शेवटी पावसाच्या टाकीचं गार पाणी परातीत घेऊन त्यात जुड्या उभ्या करून ठेवल्या, वाती वर. एक जुडी आडवी पडली होती, ती पुसून ठेवली. आता सगळ्या काठीसारख्या सरळ आहेत. मी स्वतःवरच खूश आहे.

८ डिसेंबर
मिरवणूक चर्चच्या दारात परत आली आणि तान रोमानांची मेणबत्ती तडतडली. थुंकल्यासारखा आवाज झाला आणि विझली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मला लगेच कळलं, ती आडवी पडलेली जुडी. वातीत पाणी राहिलं होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सगळं गाव गुडघ्यावर बसलं. कुणी किंचाळलं नाही. बायका हळूहळू रडायला लागल्या, लग्नात मुलीला निरोप देताना रडतात तशा. तान एन्ग्रासियांनी रोमानांना मिठी मारली. तान रोमाना ओरडत होत्या की अगं सोडा मला, चुलीवर कोंबडी शिजतेय माझी. फादरना विचारलं, तर बायकांच्या गोष्टी आहेत म्हणाले आणि बोट गाठायला निघून गेले. आता सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणालाच येतील.

मी बोलले नाही. महिनाही भरला नाही अजून. दोन दिवस रडतील आणि विसरतील.

९ डिसेंबर
विसरले नाहीत. इथली पद्धत मला कुणी सांगितली नव्हती. जिला बोलावणं आलं तिला नवा झगा घालून तिच्याच घरात खुर्चीत बसवतात आणि नऊ दिवस मृतांची प्रार्थना म्हणतात, तिच्यासमोर, तिच्यासाठी. आमच्याकडे असलं काही नाही, कधी ऐकलंही नाही.

दुपारी अख्खं गाव आलं. लाल भात, लिंबातली कोंबडी, रोट्या. सगळे पोटभर जेवले. तान रोमानांना कुणी पान वाढलं नाही. बोलावणं आल्यावर जिवंतांचं अन्न चालत नाही. त्या हसून म्हणाल्या, मेल्यांनो, माझ्याच कोंबड्या खाता आणि मलाच उपाशी ठेवता? सगळे प्रेमानं हसले आणि वाटी पुढे सरकवली, एकमेकांकडे.

१० डिसेंबर
आज सांगितलं. तान एन्ग्रासियांना बाजूला घेऊन परात, पाणी, आडवी जुडी, सगळं. म्हटलं, चूक माझी आहे, मला कामावरून काढा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा गाल कुरवाळला आणि विचारलं, पोरी, एवढ्या जुड्यांतली तीच का पडली? आणि त्या जुडीतली तीच मेणबत्ती तू रोमानाच्याच हातात का दिलीस? त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, आईनं तुझा हात वापरला, किती भाग्याची आहेस.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका येऊन माझ्या हाताला नाक लावतात. माझ्याहून वयानं मोठ्या बायका!

१२ डिसेंबर
आजपासून पाणीही बंद. टाकीच्या नळाची मूठ त्यांच्या मुलानं, होकिननं, काढून खिशात घातली. होकिन रडतो आणि अंगणात फळ्या तासतो.

दुपारी सगळे ओसरीवर असताना मी शहाळं फोडून आत नेलं. त्यांच्या ओठांना लावलं. तान रोमानांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि तो थुंकून टाकला. मग मोठ्यानं हाक मारली, एन्ग्रासिया, ही बघ काय करतेय! हसत नव्हत्या. चिडल्या होत्या माझ्यावर. मी त्यांचा चांगला मृत्यू बिघडवत होते.

मला वाटलं होतं त्या लढतील. इतके दंड होते त्यांना.

१५ डिसेंबर
गेल्या. सकाळी दहा वाजता. जीभ काळी पडली होती. शेवटपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता. प्रार्थना थांबली नाही, दोन दिवस आधी गेल्या तरी नऊ पुरे करणार. तान एन्ग्रासिया म्हणाल्या, किती सुंदर गेली. सुंदर!

मी मारलं त्यांना. परातभर पाणी आणि माझं गप्प राहणं. पण एकटी मी नाही.

१६ डिसेंबर
उद्या दफन, पुन्हा मेणबत्त्या. तान एन्ग्रासियांची वेगळी असते, जाड, निळी फीत बांधलेली. दुपारपासून ती वातीकडून पाण्यात उलटी ठेवली आहे. उद्या वरून पुसेन, म्हणजे पेटेल तरी. नंतर तडतडेल.

मला ती बाई मरायला हवी आहे. बसू दे तिला नव्या झग्यात. बघू तिची जीभ किती दिवस मधाळ राहते.

१७ डिसेंबर
सगळं ठरल्याप्रमाणे. तिची मेणबत्ती पेटली. खड्ड्यापाशी पोचलो. मी डोळे मिटून वाट बघत होते –

तिनं ती माझ्या हातात दिली.

अखेरपर्यंत मृताजवळ राहिलेल्या माणसाला प्रार्थना म्हणवणारी बाई आपली मेणबत्ती देते. इथे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला कोण सांगणार? मी घेत नव्हते. तिनं माझी बोटं एकेक करून मेणबत्तीभोवती मिटली. मी ज्योतीवर हात धरला, श्वास रोखला, आई, आई म्हणत राहिले –

तडतडली.

सगळे गुडघ्यावर.

१८ डिसेंबर
झगा पांढरा आहे. तान रोमानांसाठी शिवलेलाच आणखी एक होता, उसवून लहान केला. त्यांचीच खुर्ची.

सकाळी पळाले. कुणी अडवलं नाही. दुकानात पाणी मागितलं, दुकानवाल्या बाई रडत रडत माझ्या पलीकडे बघत राहिल्या. धक्क्यावर एक होडी नाही, सगळ्या आत नेल्यात. होकिन आला. मला दोन्ही हातांवर उचलून घरी आणलं, सांभाळून, धक्का लागू न देता. वाटेत म्हणाला, माझ्या आईचा हात सोडला नाहीस तू, तुझी पेटी चांगल्या लाकडाची करीन.

मी हातपाय झाडत होते. माझं वजन किती कमी आहे ते त्यानं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा चार माणसं हसली.

२० डिसेंबर
ओरडून सांगितलं. सगळ्यांसमोर. वात मी भिजवली, मुद्दाम भिजवली, एन्ग्रासियाला मारायला. पाप माझं आहे, खूण नाही. मला फासावर द्या, तुरुंगात टाका, ग्वामला पाठवा बेड्या घालून – खूण नाही ही!

मला वाटलं, सुटले.

मग तान एन्ग्रासिया माझ्या पायांवर पडल्या. हसत होत्या, रडत होत्या. म्हणाल्या, ऐकलंत? माझ्यासाठी भिजवलेली, आणि आईनं फिरवून हिच्या हातात दिली! माझ्या हातून! याहून उघड ती काय बोलेल?

बाहेर चर्चची घंटा वाजवली. माझी घंटा.

२१ डिसेंबर
आजपासून पाणी नाही. गावातल्या तान्ह्या मुलांना माझ्या कपाळाला ओठ लावायला आणलं. एकाच्या तोंडाला दूध होतं. मी ते –

नाही लिहीत.

२२ डिसेंबर
होकिन माप घ्यायला आला. हात जरा वर कर म्हणाला.

केला. त्यानं म्हटल्याबरोबर केला. का केला –

बाहेर जेवताहेत. कुणीतरी रश्शात मीठ कमी म्हणतंय. दुसरी म्हणते, फीनाला विचारा, तिला चव कळायची. हसले सगळे. मीही –

२३
जीभ जड. पेन्सिल प्रार्थनेच्या पुस्तकात लपवते. त्यांना वाटतं मी वाचतेय. किती शहाणी झाली, म्हणतात.

फादर सहा जानेवारीला.

पाऊस आला. पागोळ्यांखाली हात धरला खिडकीतून. एन्ग्रासियांनी हात आत घेतला, झग्याच्या टोकानं पुसला. कोरडा केला अगदी. बोटांच्या मधेसुद्धा –

२४
आज आवाज छान लागलाय सगळ्यांचा. हिला चिरशांती दे प्रभू. हिला चिरशांती दे. मी ऐकत होते. एकीचं चुकलं, मला राग आला, सणाच्या आदल्या दिवशी असं कसं चुकतात.

मग आमेन. सगळ्यांत आधी म्हटलं कुणीतरी. मोठ्यानं. एन्ग्रासिया वळल्या, डोळे भरलेले, माझ्याकडे बघून –

मी म्हटलं होतं ते. माझ्या तोंडून. मला उठायला हवं, आत्ताच, पाय अजून हलतात, दार उघडंच आहे, कुणी धरलेलं नाही मला, मी उठते, फक्त ही एवढी प्रार्थना संपली की मी –