सोळा पानांचं परीक्षण

सर, आजकालची पुस्तकं टेबलावर उघडी राहत नाहीत. ही साधी गोष्ट नव्हे. माणूस एका हाताने पोहे खातो, दुसऱ्या हाताने पान धरून ठेवतो, आणि चहाचा कप उचलायची वेळ आली की पुस्तक फटकन मिटतं, जणू त्यालाच वाचणाऱ्याचा कंटाळा आला. यावर शासनाने समिती नेमावी, समितीने दौरे करावेत, आणि तिचा अहवाल तरी निदान डिंकाने चिकटवलेला नसावा, असं माझं ठाम मत आहे. सकाळपासून ज्या पुस्तकाशी माझी झटापट चालली आहे ते माझंच आहे. माझी कादंबरी. प्रकाशक मी, वितरक मी, आणि एकंदर रंग पाहता वाचकही बहुधा मीच.

तुमची कादंबरी मात्र बिचारी उघडी राहते. दोऱ्याने शिवलेली आहे. ब्रह्मपुरीच्या ज्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि नाटकांची हँडबिलं निघत, तिथे तुम्ही ती पदरमोड करून छापून घेतलीत. तिच्याबद्दलच लिहायचं आहे. इतकी वर्षं टाळलं.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या शाळेत तुम्ही मराठी शिकवायचात, आणि दर शनिवारी पत्र्याची पेटी उघडून पुस्तकं वाटायचात. परत करताना पोरं म्हणायची, "लय चांगलं होतं, सर." त्यावर तुमचं ठरलेलं, "चांगलं हाय ते त्या पुस्तकालेही मालूम हाय. तुले काय नाई पटलं ते सांग." मला पुष्कळ काही पटलेलं नसायचं. मी सांगायचो, वर्ग हसायचा, आणि तुम्हीही चष्मा काढून डोळे पुसत हसायचात. माझ्या जिभेला धार लावली ती तुम्हीच, सर. तिचा वार कुणावर पडणार हे तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही.

पुढे ऐंशीच्या दशकात, गडचिरोली नुकता वेगळा जिल्हा झाला होता तेव्हा, मी चंद्रपूरला एका कचेरीत कारकून होतो आणि एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहायचो. लेखक आपल्या पुस्तकाच्या दोन-दोन प्रती पाठवत. बहुतेकांची बोळवण "साभार पोच" या मथळ्याखाली एका ओळीत व्हायची. ज्यांच्यावर लिहायचं त्यांची प्रस्तावना वाचायची, पहिली काही पानं वाचायची, शेवटचं पान डोळ्यांखालून घालायचं, आणि मग टोमण्यांची फोडणी द्यायची. वाचकांना फोडणी आवडायची. पुस्तक शिजलं होतं की कच्चं, हे कुणी विचारत नसे.

तुमचं पुस्तक आलं तेव्हा त्याच्या कडाही कापलेल्या नव्हत्या. छापखान्याचं कापायचं यंत्र बिघडलं होतं, आणि परीक्षणाच्या प्रती तर वेळेवर जायला हव्यात, म्हणून तुम्ही तशाच पाठवल्या होत्या. मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. कड कापली नाही तर पानं एकमेकांना जोडलेली राहतात, आणि वाचणाऱ्याने ती स्वतः सुटी करायची असतात. मी पहिला फर्मा बोट घालून फाडला. सोळा पानं वाचली. धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या एका बाईची ती गोष्ट होती, आणि त्या सोळा पानांत ती बाई एक शब्द बोलत नव्हती. मला माझा विनोद सापडला. "दीडशे पानांची कादंबरी आणि मुकी नायिका," असं मी लिहिलं. "लेखकाने तिला विळा दिला, टोपली दिली, नवरा दिला, जीभ द्यायचं तेवढं राहून गेलं." कचेरीत लोकांनी ते वाक्य एकमेकांना वाचून दाखवलं. मुख्य कारकुनाने पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, तुम्ही माझ्या खोलीच्या दारात उभे आहात. पांढरा सदरा, कापडी पिशवी, घामाने भिजलेली कॉलर. पिशवीतून आधी चिन्नोर तांदळाची पुरचुंडी निघते. जेवणाचं विचारून होतं, नोकरीचं विचारून होतं.

"वाचलं मी," तुम्ही म्हणता. "बरोबर लिवलं तू."

मी काहीतरी पुटपुटतो.

"नाई, बरोबरच हाय. तुह्या पुस्तकात ती बोलतच नसन, तर तू तरी काय करशीन? बाइंडरनं घोटाळा केला बाबू. काई काई पुस्तकांत पाचवा फर्मा दोनदा शिवला अन् सहावा रायला. अन् सहाव्यातच तर ती बोलते! सोळाही पानं. धान रोवण्याचा एक दिवस हाय, बस. माह्या मायचं बोलणं हाय ते, जसंच्या तसं. ती गेली, तवापासून डोक्यात ठेवलं होतं." मग जरा पुढे झुकून, "तुह्यावाल्यात पासष्ट ते ऐंशी पानं दोनदा आली असतीन ना?"

सर, तुम्ही मला दार उघडून देत होतात. मी आत शिरलो.

"हो सर," मी म्हणालो. "दोनदा आली. मलाही जरा विचित्रच वाटलं."

"पाय बरं! मी बाईले तेच म्हणलं. म्हणलं, आपलं पोरगं बिनवाचता लिवणार नाई." तुमचा चेहरा इतका उजळला की मला खाली बघावं लागलं. पिशवीतून तुम्ही दुसरी प्रत काढली. "हे चांगलं ठेव. तो खराब माल दे इकडं, बाइंडरच्या तोंडावर मारतो." आणि मी उठायच्या आत तुम्ही उठलात, फळीवरून तुमचं पुस्तक स्वतःच काढलंत.

पहिली सोळा पानं, वेडीवाकडी फाटलेली. पुढे सगळं बंद. तुम्ही कडेवरून अंगठा फिरवता. एकदा. पुन्हा एकदा. मग एका जागी दोन जोडलेल्या पानांच्या फटीतून, विहिरीत वाकून पाहावं तसं, आत पाहता. सहावा फर्मा जागच्या जागी आहे.

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू आहे. स्टोव्हवर चहा वर येतो आहे आणि तो उतरवायला मी जागचा हलत नाही. तुम्हीच हलता. स्टोव्ह बंद करता.

"बोटानं नको फाडू," तुम्ही म्हणता. "पट्टी घेत जा. कागद हलका हाय."

एवढंच. पुस्तक तुम्ही फळीवर परत ठेवलंत, चांगली प्रत पिशवीत टाकलीत. चहा प्यायलात, साखर बरोबर पडली म्हणालात. मी स्टँडपर्यंत आलो. एसटी हलायला लागली तेव्हा मी खिडकीशी पळत म्हणालो, "सर, मी पुन्हा लिहितो. वाचून लिहितो."

"लिव ना," तुम्ही म्हणालात. "टाइम घे."

मी लिहिलं नाही. पुन्हा लिहायचं म्हणजे पहिल्यांदा काय केलं ते सांगावं लागलं असतं, आणि "मुकी नायिका" तोवर माझी ओळख झाली होती. सभेत माझा परिचय करून देताना लोक ते वाक्य म्हणत, मी लाजल्यासारखं करत असे. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी भेटायला आलो तेव्हा तुमच्या घरच्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. मला ओळखून त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दर रविवारी सिंदेवाहीले जात पेपर आणाले. मी म्हणो, काऊन जाता उन्हातान्हात? तर म्हणत, पोरगं लिहीन. वाचाले टाइम लागते."

मी पाणी प्यायलो, भांडं ओट्यावर ठेवलं आणि निघालो. घरी येऊनही फळीकडे हात गेला नाही, हे सांगायला हवं.

मागच्या आठवड्यात माझ्या कादंबरीवर पहिलं परीक्षण आलं. लिहिणारा तरुण आहे, चुणचुणीत आहे. "अरण्याची गूढ हाक" अशी त्याने माझी स्तुती केली आहे. माझी कादंबरी एका कचेरीतल्या बदलीवर आहे. जंगल येतं ते सुरुवातीला, एसटीच्या खिडकीतून, तेही धुळीमागे. त्याला झोडणारं पत्र लिहायला मी पेन उघडलं. चार ओळी फार छान जमल्या होत्या. मग लक्षात आलं की त्याने पहिला फर्मा मात्र नीट वाचला होता.

काल तुमचं पुस्तक काढलं. पानं सावकाश सुटी केली. परीक्षण लिहायचं कबूल केलं होतं, तर लिहितो: प्रस्तावना लांबलेली आहे. सुरुवात संथ आहे. नवरा शेवटपर्यंत पुठ्ठ्याचा राहतो. पण सहाव्या फर्म्यात तुमची आई चिखलात उभी राहून जे बोलायला लागते! रोवणी लवकर आटपा म्हणणाऱ्या दिवाणजीला ती विचारते, "पाऊस तुह्या बापाचा नोकर हाय का?" आणि लगेच बायांकडे वळून, "आपुन वाकाचं बाई, मालकाचं धान उभं रायते." मी दोनदा मोठ्याने हसलो. तिसऱ्यांदा हसू आलं नाही. असं एक पान मला आजवर साधलेलं नाही.

आज दुपारी पुरवणीतल्या माझ्या सदरासाठी हाच मजकूर लिहून पेपरच्या कचेरीत दिला. वर खुलासा टाकला, खाली नाव टाकलं. उपसंपादकाने विचारलं, "इतक्या जुन्या पुस्तकावर आता कशाला?" मी म्हटलं, उशीर झाला म्हणून.

हे पत्र मात्र मी कुठेच देणार नाही. यात माझं कौतुक करून घ्यायला फार जागा आहे. फक्त एक तुम्हाला सांगतो. खुलाशात मी आधी लिहिलं होतं, "तेव्हा ही कादंबरी मी पूर्ण वाचली नव्हती." मजकूर देऊन जिना उतरलो, रस्ता ओलांडला, पानाच्या टपरीपाशी थोडा वेळ थांबलो. मग परत वर गेलो, कागद मागून घेतला, आणि "पूर्ण" खोडलं.