टाकीचं विरजण

४ मार्च, सकाळ
रोजनिशी ठेवायची असं ठरवलं. अक्षर येत नाही, म्हणून आजवर राहून गेलं. मुलाने फोनमध्ये सोय करून दिली. बटण दाबायचं, बोलायचं, फोन लिहितो. तारीखही तोच घालतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणी वाचायचं नाही अशी घरात ताकीद आहे. मध्ये न बोलता माझं पूर्ण ऐकून घेणारा ह्या घरात हा पहिलाच.

विषय: टाकी.

मागच्या खोलीत सूनबाईंची शेती आहे. माती नाही. पांढरे पाइप, पाइपांना भोकं, भोकाभोकात लेट्यूसचं एकेक रोप. मुळं आत दाढीसारखी लोंबतात. खाली निळी टाकी, तिच्यात खत मिसळलेलं पाणी. पंप ते वर चढवतो, पाइपांतून फिरून ते परत टाकीत उतरतं. दिवसभर मुळं पाण्यात, तरी एकाही रोपाला सर्दी नाही.

सूनबाई आधी लॅबमध्ये होत्या. लोकांच्या रक्तात जंतू शोधायच्या. आता टाकीत शोधतात. सवय सुटत नाही माणसाची.

एका मोठ्या हॉटेलचा आचारी वीस तारखेला पाला बघायला येणार. आवडला तर दर आठवड्याचं गिऱ्हाईक. नाही आवडला तर ती परत नोकरी धरणार, आणि नोकरी आहे दुसऱ्या शहरात. मुलगाही बदली मागणार. मग ह्या घरात मी, फोन आणि पंप.

संकल्प: टाकी मी सांभाळणार. सुनेला सांगितलेलं नाही. मोठी कामं सांगून होत नाहीत.

५ मार्च
आज तिने टाकी धुतली. पाणी ओतलं, टाकी घासली, पंप खोलून धुतला, पाइपांत ब्रश घातला. जखमेवर टाकलं की फेस येतो ते औषध पाण्यात घालून तासभर फिरवलं. तेही ओतलं. पुन्हा धुतली, पुसली, वाळवली. मग नवं पाणी, नवं खत. जुन्यातला थेंब ठेवला नाही.

इथेच चुकतं. लग्न झाल्यापासून ह्या घरातलं दही मी लावते. भांडं कितीही घासा, कालचं चमचाभर ठेवावं लागतं, नाहीतर उद्याचं लागत नाही. कोरं पाणी म्हणजे पोरकं पाणी. आपण काय करायचंय हे त्याला कोण सांगणार?

ती टाकी रिकामी करत असताना मी डबाभर जुनं पाणी बाजूला काढलं होतं. दुपारी ती आडवी झाल्यावर त्यातलं वाटीभर टाकीत घालून ढवळलं. उरलेलं डब्यात. डबा पलंगाखाली, जुन्या शालीत गुंडाळून. ऊब हवी.

७ मार्च
विरजण धरलं. बोट घालून पाहिलं, पाणी छान बुळबुळीत झालंय. माझा हात अजून गेलेला नाही.

सूनबाई आल्या, झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड कडू केलं. म्हणाली, पुन्हा जंतू झाले. मी म्हटलं, दिसत तर नाहीत. म्हणाली, दिसत नाहीत म्हणूनच जंतू.

मुळं तपकिरी झालीत. तिला सडलेली वाटतात. मला खरपूस वाटतात.

८ मार्च
पुन्हा धुतली. सगळं पहिल्यापासून. मी वाटी पुन्हा घातली. तीही सगळं पहिल्यापासून करते, मग मी का कंटाळावं?

आज दीड वाटी. औषधाने पाण्याची ताकद गेलेली असणार.

११ मार्च
सूनबाईंचा संशय आता नळाच्या पाण्यावर. बाटली भरून जुन्या लॅबमध्ये तपासायला पाठवली. नळाचं पाणी निर्दोष निघालं. तरी फिल्टर बसवला. मी तेव्हाच म्हटलं होतं की फिल्टरने काही होणार नाही. तसंच झालं. घरात माझा अंदाज चुकत नाही, पण विचारतो कोण?

१२ मार्च
पंप बदलला. पंपवाला जुना पंप हातात घेऊन म्हणाला की ह्यात इतकी घाण पहिल्यांदाच पाहिली. त्याला अनुभव कमी आहे. मिशीही नीट फुटलेली नाही.

१३ मार्च
सूनबाईंनी नवीन छोटी टाकी आणली. वेगळा पंप, वेगळे पाइप, थोडीच रोपं. म्हणाली, ह्या टाकीला मी सोडून कुणी हात लावायचा नाही, मला तुलना करायची आहे. मुलाने मान हलवली. मीही हलवली.

पण घरात दोन लेकरं असली की एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असं मी कधी केलेलं नाही. छोटीला अर्धी वाटी.

हात लावला नाही. वरूनच ओतलं.

१५ मार्च
दोन्ही टाक्यांना वास. सूनबाई दोन्हींच्या मध्ये स्टूल टाकून बराच वेळ बसली होती. चहा नेऊन दिला तर विचारते, "आई, असं कसं होईल हो?" म्हटलं, होतं असं. धीर द्यावा लागतो.

उद्यापासून बीसुद्धा बदलून पाहते म्हणाली. बिचारी. सगळीकडे शोधते.

१६ मार्च
दुपारी पलंगाखाली फाट्कन आवाज झाला. मला वाटलं पलंग गेला. पाहते तर डब्याचं झाकण आपोआप उडून भिंतीला लागलेलं. केवढी ताकद! चमचाभर साखर घातली होती, ती लागू पडली.

खोलीत वास आहे थोडा. मुलगा म्हणाला, आई, उंदीर मेलाय का? पलंगाखाली वाकून बघणार होता. मी गुडघ्यात कळ आल्याचं सांगितलं. पाय चेपून गेला. गुणी आहे.

१७ मार्च
सून फोनवर बोलत होती. मी ऐकत नव्हते, दाराशी उभी होते. लॅबच्या मोठ्या बाईंना विचारत होती की जागा अजून रिकामी आहे का. आहे म्हणे. एक तारखेपर्यंत कळवायचं.

माझं जेवणावरून मन उडालं. भांडी मीच घासली. तिने नको म्हटलं तरी.

आता अर्धवट उपाय पुरे. इतके दिवस वाटीवाटीने घालत बसले, हेच चुकलं.

१८ मार्च
पूर्ण डबा घातला. तळाचं थोडं परत भरून शालीत ठेवलं. बी-बियाणं म्हणून.

आता बघू जंतू कसे टिकतात.

१९ मार्च
रोपं आडवी झाली आहेत. सगळी. उद्या पाहुणा यायचाय म्हणून विश्रांती घेत असतील असं मी मुलाला सुचवलं.

सुनेने एक रोप उचललं तर पाला हातात आला आणि मुळं टाकीतच राहिली. तिने आचाऱ्याला फोन करून पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मुदत मागितली. तो बरा माणूस निघाला, देतो म्हणाला. लॅबच्या बाईंकडूनही तेवढीच मुदत घेतली. ट्रेमध्ये बारकी रोपं तयार आहेत, ती आता लावणार.

तिचे डोळे लाल होते. औषधाचा फेस उडाला म्हणाली. आज औषधाची बाटली उघडलीच नव्हती.

२१ मार्च
धाकट्या बहिणीचा फोन. गुडघा फार दुखतोय, ताई, आठ दिवस ये. इथे टाकी अशी, आणि तिला आत्ताच गुडघा सुचला. सूनबाई म्हणाली, जा आई, मावशींचं कोण आहे दुसरं. मुलाने बसचं तिकीटसुद्धा आणून ठेवलं होतं. ह्या घरात भाजी आणायला चार वेळा सांगावं लागतं.

डबा बरोबर नेणार. मागे कुणाच्या भरवशावर ठेवू?

२२ मार्च
डबा गेला.

पिशवी मांडीवर होती. बस खड्ड्यात आदळली, झाकण उडून पुढच्या माणसाच्या टकलावर. मग वास. सगळी बस रस्त्यात उतरली. ड्रायव्हरने विचारलं, आजी, काय होतं त्यात? म्हटलं, विरजण. म्हणाला, कशाचं, मढ्याचं? डबा त्याने स्वतः काठीने ढकलत नाल्यापर्यंत नेला.

टक्कल असलेल्या माणसाला मी माझा रुमाल दिला. त्याने घेतला नाही.

३० मार्च
बहिणीकडे. आठ दिवस झाले, गुडघा तसाच. दिवसभर पाय उशीवर, आणि मी तिचा स्वयंपाक करते. कुठे दुखतं विचारलं तर कधी डावा दाखवते, कधी उजवा. आजार फिरता आहे.

घरी फोन केला. टाकी कशी आहे? सूनबाई म्हणाली, छान आहे, पाणी स्वच्छ आहे. माझा पूर्ण डबा आता कुठे मुरला. मी म्हटलं, परत धुऊ नकोस. म्हणाली, धुतली, तुम्ही गेलात त्याच दिवशी, दोनदा.

दोनदा धुऊनही टिकलं म्हणजे मुळात दम होता.

९ एप्रिल
गुडघा अजून. निघते म्हटलं की वाढतो.

घरून फोन आला, मुळं पांढरीशुभ्र आहेत. माझ्याच हाताला यश, असं बहिणीला सांगितलं. ती उशीत तोंड घालून खोकली. खोकलाही आहे वाटतं तिला.

१८ एप्रिल
अंघोळ करून बाहेर आले तर बहीण शिडीवर. दिवा बदलत होती. सर्वांत वरच्या पायरीवर, एका पायावर.

मी खाली उभी राहून नुसती बघत राहिले. ती म्हणाली, ताई, शिडी धर, मग सांगते. धरली. ती वरूनच बोलली. खाली यायची हिंमत नसावी.

सुनेनेच तिला फोन केला होता. काय म्हणाली ते मी शब्दशः वदवून घेतलं. "मावशी, पाणी बदलून पाहिलं, पंप बदलला, टाकी बदलली, बीसुद्धा बदललं. आता फक्त आई राहिल्यात. त्यांना थोडे दिवस तुमच्याकडे ठेवून पाहते."

मी शिडी सोडली नाही. ह्याची नोंद व्हावी.

१९ एप्रिल
सकाळीच पिशवी भरली. बहीण म्हणाली, अगं, तुला कुणी काढलेलं नाही, तिला फक्त तपासायचं होतं. म्हटलं, मला बाटलीत भरून पाठवायचं राहिलं तेवढं.

आजच जाऊन सुनेला जाब विचारायचा असं ठरवलं. मग आठवलं की उद्या आचारी येणार. परवाचं तिकीट काढायला सांगितलं. बहिणीने कारण विचारलं. म्हटलं, उद्या बसला गर्दी असते.

२१ एप्रिल
घरी आले. पिशवी ठेवली आणि सरळ मागच्या खोलीत. कुणी अडवलं नाही, पण सून आणि मुलगा दोघंही मागोमाग आले. दोघंही माझ्या हातांकडे बघत होते.

पाला असा की हिरव्या कपड्याची गुंडाळी उलगडावी. झाकण सूनबाईंनी स्वतः उघडून दाखवलं. टाकीचा तळ दिसतो. वास नाही. मुळं माझ्या केसांसारखी पांढरी.

आचारी काल येऊन गेला. एक पान तोडून तिथेच उभ्याने खाल्लं आणि दर आठवड्याचं ठरवून गेला. लॅबच्या बाईंना नकार कळवला. कुणी कुठे जात नाही.

जाब विचारायचा होता. त्याऐवजी म्हटलं, कोऱ्या पाण्यावर चालतं म्हणायचं.

सून म्हणाली, "चालतं, आई. टाकी तुमचीच आहे. फक्त झाकण माझं."

म्हटलं, बरं.

मग जेवताना मुलाने माझ्याकडे न बघता सांगितलं की आता टाकी दर महिन्याच्या पाच तारखेला धुवायची ठरली आहे, आणि मावशीशीही बोलणं झालंय. तिचा गुडघा चार तारखेपासून दुखणार आहे.

मी भात कालवत विचारलं, किती दिवस?

"ह्या वेळी तीनच," सून म्हणाली.

मागच्यापेक्षा कमी आहेत. सुधारणा आहे.