मधली रेघ

४ मार्च
सुपरवायझर काळे साहेबांनी आज मशीनजवळच्या तक्त्याच्या 'कारण' रकान्यात लिहिलं : ऑपरेटर बदलला.
हे गेले त्याला वर्ष होईल. दोन शब्दांत आटोपलं.
कंपनीनं यांच्या जागी मला घेतलं, यांच्याच मशीनवर. एका नगाला किती सेकंद लागले ते बघायचं, तक्त्यावर ठिपका द्यायचा. मधली रेघ सरासरीची, वरची-खालची हद्दीची. तिन्ही यांच्या वेळांवरून काढलेल्या. माझे ठिपके सगळे मधलीच्या वर, म्हणजे मी सावकाश.

७ मार्च
लायब्ररीतलं या तक्त्यांवरचं पुस्तक परत वाचलं. ठिपके ओळीनं एकाच बाजूला पडत राहिले, तर हद्दीत असले तरी काहीतरी बदललंय असं समजायचं.
मी हद्दीतच आहे. जेवते, झोपते, कामावर जाते.

११ मार्च
घाई केली. ठिपके रेघेवर आले, पण नगांच्या कडा खरबरीत. साहेबांनी सगळे बाजूला काढले. "मावशी, रेघेसाठी काम नाही करायचं."
शेजारच्या मशीनवरची शोभा, पिशोरची, डबा उघडताना म्हणाली, "मेल्यावरबी त्याच्याच मागं पळायलीस व्हय? जिता व्हता तवा तर म्हणायचीस, हळू चाला."
हसले. मग डबा झाकला.

१४ मार्च
साहेब म्हणाले, तुमच्या वेळा धरून रेघा नव्यानं काढू. मग तुम्ही बरोबर बसाल. नाहीतर वरचे तुम्हाला पॅकिंगला टाकतील, ठेकेदाराकडं. तिथं कायम नोकरी कोणालाच नसते.
"आणि हा कागद?"
"हा काढायचा. नवा लागला की याचं काय काम?"
चांगला पोरगा आहे. माझं भलंच बघतोय. घरी यांचा फोटो आहे, कपडे आहेत. यांच्या हाताचा वेग तेवढा त्या रेघेत आहे. हे कोणाला सांगू, आणि कसं...

१८ मार्च
नवा कागद लागला. जुना अजून खालीच आहे, यांची रेघ वरून पुसट दिसते. साहेबांनी आकडा सांगितला, पट्टी-पेन्सिल हातात दिली. "तुमची रेघ मावशी, तुम्हीच ओढा."
पट्टी टेकवली. नव्या आकड्यावर जाईना, घसरून यांच्याच रेघेवर येई. साहेब थांबले होते. भोंगा झाला.
"उद्या ओढते."
"उद्या सकाळी वरचे बघायला येतायत."
घरी आले. पिशवीतून डबा काढला, तर साहेबांची पट्टी निघाली.