गुप्ततेची शंभर टक्के हमी

५ फेब्रुवारी
बालगृहातल्या मुलांची व्यसनं आणि मानसिक स्वास्थ्य या विषयावरचं माझं संशोधन सुरू! मुलांशी मैत्री करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आल्या आल्या एकाने पोटात गुद्दा घातला. आपुलकी, दुसरं काय. बायको म्हणाली, बर्फ लाव.

६ फेब्रुवारी
अधीक्षकांनी विचारलं, नशा कोण कोण करतं? ठणकावून सांगितलं, जीव गेला तरी नाव फोडणार नाही. माझी पद्धत चोख आहे. सगळ्यांना आधी कानात एकच प्रश्न, नशा करतोस का? ‘हो’ म्हणतील त्यांनाच उद्या ऑफिसशेजारच्या खोलीत सविस्तर मुलाखतीला घ्यायचं.

७ फेब्रुवारी
बॉक्सर आली. तेरा वर्षांची पोरगी, मुठी कायम आवळलेल्या. पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगते. म्हणे, मग बापाने आईला कसं मारलं ते दिसत नाही. तिने विचारलं, कुणाला कळणार नाही ना? म्हटलं, विश्वास ठेव. अधीक्षक दारासमोरच खुर्ची टाकून बसले होते. संशोधनात एवढा रस! बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
मुलाखत झालेली मुलं लंगडतायत. फुटबॉल असावा. एकाचा ओठ फाटलाय, एकाचा डोळा उघडत नाही. मानसिक स्वास्थ्याच्या चाचणीतले त्यांचे मार्क धडाधड घसरले. नशेचे दुष्परिणाम! माझा सिद्धांत खरा ठरतोय.

१० फेब्रुवारी
बॉक्सरच्या दंडावर पट्ट्याचे वळ. तिने स्टूल फेकून खिडकी फोडली, मग माझा चष्मा. ओरडली, तुम्हीच सांगितलंत. मी शपथ घेतली. ती थुंकली. अधीक्षकांना जाब विचारायला गेलो, पण त्यांनी चहा मागवला. चहा पिता पिता भांडणं बरं दिसत नाही. सोमवारी नक्की.

१२ फेब्रुवारी
विचारलं. अधीक्षकांनी उलट माझे आभारच मानले. म्हणाले, नावं कशाला हवीत? तुम्ही ज्याला आत घेता, त्याला नंतर आम्ही घेतो. पोलिसांत जायला निघालो होतो. पण मग संशोधनाची परवानगीच जाईल. त्यापेक्षा नामी युक्ती सुचली. उद्या सरसकट सगळ्यांनाच आत घ्यायचं. कोण नशा करतं, बसा शोधत! बॉक्सर वाचली.

१३ फेब्रुवारी
घेतलं सगळ्यांना. अगदी बालवाडीतल्यांनासुद्धा. ही पोरं तर चित्रं काढत बसली.

१४ फेब्रुवारी
अधीक्षकांनी सगळ्यांनाच फोडून काढलं. बालवाडीतल्यांनासुद्धा.
मी खोली उघडली, तर बॉक्सर दारात वाट अडवून उभी. एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्याने माझ्या नाकावर ठोसा हाणला. रक्त आलं. मागच्या चिमुरड्यांना म्हणाली, जाऊ नका रे आत, हे सर मारतात.
मी! मी आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. तेच समजावून सांगायला हात वर केला.
सगळ्या पोरांनी डोकी हातांत लपवली.